गिरणीतली परीक्षा

आमच्या नार्नूरचे एक गुरुजी सरकारी परवाना काढून, घरी बांधलेल्या रेडिओ सेटवरून दूरदूरच्या हौशी लोकांशी बोलायचे. चहा मागतानाही प्रत्येक शब्द सुटा. माइक म्हणून जुन्या टेलिफोनचा तुकडा लावलेला, त्यामुळे आवाज पातळ, पत्र्यासारखा यायचा.

एकदा हैदराबादच्या मित्रानं त्यांना भारी माइक दिला. मी माझ्या रेडिओवर ऐकून म्हणालो, "गुरुजी, आवाज काय भरदार येऊन राह्यला!"

"गिरनीत रेडिओ नेऊन आयका," ते म्हणाले. "दूरवर आयकताना हवेतली खरखर तशीच असते. दोन्ही माइकवर धा-धा गावं वाचतो, तुमी लिहून आना."

पिठाच्या गिरणीच्या घरघरीत मी रेडिओ कानाला लावला. भारी माइकचा आवाज गोड होता, पण कागद कोराच राहिला. जुन्या तुकड्यावरची दहाच्या दहा गावं मात्र मी लिहून आणली.

"आवाज गोड काऊन पायजे? गाव समजलं पायजे," म्हणत गुरुजींनी भारी माइक पेटीत ठेवला.

त्याच संध्याकाळी समुद्रापलीकडून कुणीतरी उत्तर दिलं. आवाजाची तारीफ केली नाही. फक्त आमच्या गावाचं नाव जसंच्या तसं परत म्हटलं. गुरुजींची मान ताठ झाली. खरं सांगतो, माझीही.