बोरसे सर आणि १ जानेवारी १९८०

माझ्याबद्दल कोणीतरी घाण लिहिलं होतं. खाली नाव नव्हतं.

ज्यांनी ते नाव शोधून काढलं, ते बोरसे सर आज गेले.

नव्वदच्या दशकाचा शेवट. मी जळगावला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. साखरपुडा झालेला, मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्या ऑफिसात एकामागून एक ई-मेल गेल्या. मुलगी चालू आहे, कॉलेजात विचारा.

प्रिंटआउट आमच्या पिंप्राळ्याच्या घरी आले. साखरपुडा मोडल्याचा निरोप त्यांच्यासोबतच.

माझे वडील, आबा, मूळचे धरणगावचे. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुनी काय बी चूक नही शे, माले माहीत शे. पन लोकेसले कोन सांगी?"

पोलीस स्टेशनला गेलो. फौजदार म्हणाले, "ई-मेल म्हणजे पत्रच ना? मग पोस्टाचा शिक्का दाखवा."

आमच्यासोबत सर आले होते. आम्हाला नेटवर्क शिकवायचे, मूळचे धुळ्याचे, आवाज खणखणीत.

"शिक्का असतो साहेब, मेलच्या वरच्या ओळींत. वाचता यायला हवा."

आणि तो वाचल्यावर निघालं काय, तर मेल आमच्याच कॉलेजच्या इंटरनेट अकाउंटवरून गेलेल्या!

तेव्हा इंटरनेट परवडायचं कोणाला? कॉलेजचा पासवर्ड निम्म्या स्टाफकडे होता. सगळे घरून फोन लावून तोच वापरायचे. कोणाच्या घरून, ते कळायला मार्ग नव्हता.

प्रिन्सिपॉल म्हणाले, "बोरसे, कॉलेजचं नाव जाईल. सोडून द्या."

सर म्हणाले, "पोरीचं गेलंय, त्याचं काय?"

त्या मेलवर तारीख होती १ जानेवारी १९८०. आम्ही पोरं त्यावर हसलो होतो.

सर हसले नाहीत. कॉम्प्युटरच्या आतली छोटी बॅटरी मेली, की तो दरवेळी चालू केल्यावर १९८० सालात जातो. त्यावरून मेल पाठवली की तीच तारीख पडते.

मग सर आणि साध्या कपड्यातले फौजदार स्टाफच्या घरोघरी चहाला जाऊ लागले. खान्देशातला माणूस चहा-शेव दिल्याशिवाय सोडतो थोडाच! चहा झाला की सर सहज विचारायचे, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आज तारीख काय दाखवतो हो?"

एका घरी दाखवली. १ जानेवारी १९८०.

ते घर सरांच्या सगळ्यात जवळच्या मित्राचं होतं. त्याच्या भाच्याचं स्थळ आबांनी नाकारलं होतं.

पाठवलेल्या मेल मशीनमध्ये तशाच पडल्या होत्या. त्या मागे उरतात, हे त्या गृहस्थांच्या गावीही नव्हतं.

"बोरसे, अरे आपण रोज एका डब्यात जेवतो!"

"म्हणून तर जास्त लाज वाटतेय," सर म्हणाले, आणि फौजदारांकडे वळले. "साहेब, हाच माणूस."

हे सगळं सरांनीच नंतर आबांना सांगितलं. सांगताना डोळ्यांत पाणी होतं.

फौजदार भलतेच खूश. आम्ही जबाब द्यायला गेलो तेव्हा म्हणाले, "सर, आता कॉलेजातले बाकीचे लोक काय काय लिहितात, तेही काढून द्या की!"

सर उठलेच. "एका पोरीला त्रास झाला, म्हणून आलो. दुसऱ्यांचं वाचायला नाही आलो."

फौजदारांना असं तोंडावर बोलणारा मास्तर मी दुसरा पाहिला नाही. आजही सांगताना छाती फुगते.

पुण्याचे लोक परत आले. चूक झाली म्हणाले, तारीख काढू म्हणाले.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ज्यांनी निनावी माणसाचं ऐकलं आणि मला एका शब्दाने विचारलं नाही, त्यांच्या घरी मी नाही जाणार."

आबा काही बोलायच्या आत शेजारी बसलेले सरच म्हणाले, "शाब्बास!"

नंतर स्टाफरूममध्ये बरेच दिवस सर एकटेच डबा खायचे. आम्हा पोरींना ते दिसायचं. तक्रार त्यांनी कधी केली नाही.

सर, तुमची विद्यार्थिनी असल्याचा मला फार अभिमान आहे. शांत झोपा.

तुम्ही सोडवून आणलेलं नाव खाली पूर्ण लिहिते आहे.

— सुनंदा भास्कर पाटील, पिंप्राळा, जळगाव