काटोच्या नोंदीतलं पंधरावं घर

मसाकाच्या बाजारात, मोबाइलवाल्याच्या माडीवर लामेका सेकिटोचं दुकान. लिहिणारा माणूस निघून गेला आणि मागे कुणालाच उमगत नाही, असे प्रोग्राम दुरुस्त करायचे हा त्याचा धंदा. अहो, त्याच्या किती गमती सांगू! एका कॉफी सोसायटीत मॅनेजरच्या मेव्हण्याचं पोतं नेमाने दोन किलो जादा भरायचं. लामेकाने ती चोरटी बेरीज शोधून काढली, तर मेव्हण्याने वर्षभर त्याच्याशी अबोला धरला!

पण ही गोष्ट नालोंगो नामुद्दूची. जुळ्यांची आई म्हणून नालोंगो. चार वर्षांपूर्वी सरोवरात त्यांची होडी उलटली. जुळ्यांतला वास्वा तिच्या हाती लागला, दुसऱ्याला, काटोला, कुणीतरी इस्पितळात नेलं. ती पोचली तेव्हा खाट रिकामी. तेव्हापासून दर महिन्याला ती इस्पितळाच्या खिडकीपाशी उभी राही आणि कारकून बोसा पडद्यावरचं वाचून दाखवी, "निधन : नाही." तेवढ्यावर बाई गावोगावचे अनाथाश्रम पालथे घालत होती.

इस्पितळाला जुन्या नोंदी नव्या प्रोग्रामात न्यायच्या होत्या, म्हणून लामेकाला बोलावणं आलं. नालोंगोने त्याला दारातच गाठलं. "दादा, माझ्या काटोला कुठे पाठवलं, एवढं बघ."

जुन्या प्रोग्रामचं मूळ लिखाण हरवलेलं, लिहिणारा परदेशी निघून गेलेला. लामेकाने दुसरी वाट धरली. चालत्या प्रोग्रामलाच विचारायचं, की तुझ्या या नोंदीत घरं, म्हणजे माहितीचे रकाने, किती, त्यांची नावं काय, आत काय भरलंय? या विद्येला रिफ्लेक्शन म्हणतात. पडद्याला मनाई असलेली घरंही तिला उघडता येतात.

"भूत उतरवतोयस का रे?" बोसा हसला.

"तुझ्यापेक्षा भूत बरं. विचारलं तर उत्तर देतं."

नोंद बोलू लागली. नाव काटो, वय सहा, निधन नाही. पडद्यावर चौदा घरं दिसत, इथे पंधरा निघाली. पंधराव्याचं नाव 'उडाला'. आत 'होय', आणि होडी उलटल्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाची तारीख.

बोसाचं हसू मावळलं. जुळं मेलं असं आमच्यात कुणी बोलत नाही, उडालं म्हणायचं. प्रोग्राम लिहिणाराही आमच्यातलाच. जुळ्यापुढे 'निधन' लिहायला त्याचा हात धजला नाही, म्हणून त्याने वेगळं घर बांधलं आणि ते पडद्यावर आणायचं विसरला. लामेकाच्या मनात आलं, मीही असंच केलं असतं.

बाहेर येऊन तो तिच्यासमोर खाली बसला. "नालोंगो, काटो उडाला."

"कधी?"

"तिसऱ्याच दिवशी."

ती रडली नाही. म्हणाली, "पुरलं कुठे? आपल्या केळीच्या बागेत, आजोबांच्या शेजारी न्यायला हवं ना त्याला. बघ, त्यात असेल."

लामेका आत गेला. पंधराही घरं एकेक करून उघडली. पुरल्याची जागा लिहायला घरच बांधलेलं नव्हतं. जे घरच नाही, त्यात काय आहे हे कुठल्या विद्येने विचारायचं?

"नाही, नालोंगो."

"पुन्हा बघ."

त्याने पुन्हा पाहिलं.