घरपोच उत्तर

आमच्या अंबरनाथच्या रक्तदान मंडळाची इंटरनेटवरची कम्युनिटी मी चालवायचो, पण लोक टरकून असायचे ते काकांना. कारखान्यातून रिटायर झालेले काका रोज सायबर कॅफेत माझ्या शेजारी बसून प्रत्येक कॉमेंट मोठ्याने वाचायचे. मग तिची प्रिंट खिशात घालून, उत्तर द्यायला थेट त्या माणसाच्या घरी जायचे.

"काका, इथेच लिहा ना!"

"अरे, मला एका बोटाने टाईप करायला अर्धा तास लागतो. शेजारच्या कॅम्प चार वस्तीत पंधरा मिनिटांत पोचतो मी."

तिथल्या एका दुकानदाराने नुसतं 'गुड वर्क' लिहिलं होतं. काका त्याचा चहा पिऊन, शिबिराची तारीख त्याच्याच कॅलेंडरवर लिहून आले.

एकदा दुबईहून कुणा पोराने 'कीप इट अप' लिहिलं. म्हटलं, हा तरी वाचला.

"ह्याचे आईबाप कुठे असतात?" काकांनी विचारलं.

"गाव बदलापूर, एवढंच लिहिलंय."

काकांना तेवढं पुरलं. स्कूटरला किक बसली.

आठवड्याने त्याच पोराने लिहिलं, 'काकांना सांगा, सुट्टीत आल्या आल्या रक्त देतो. आई फोनवर दुसरं काही बोलतच नाही.'

काकांनी त्याचीही प्रिंट काढली.

"माउलीला वाचून दाखवायला हवं," म्हणाले.