दारं दोन, पाऊल एक

"वैनी, मांगे कोनता हात व्हता?" असं शेजारचे फोटोवाले विचारत. मी पुरुषमाणसांशी बोलत नसे. ओट्यावरूनच डावा हात वर करून दाखवायची.

नंदुरबारला स्टेशनाजवळ त्यांचा फोटोचा धंदा. घर आमच्या भिंतीला लागून. बोलपट अजून यायचे होते. त्यांनी मूकपट काढायला सुरतहून कॅमेरा भाड्याने आणला आणि स्वतःच नायक झाले. आमचे हे कॅमेऱ्याचा दांडा फिरवत. मी फक्त लक्षात ठेवायची, पागोट्याचं टोक कुठल्या खांद्यावर होतं, गाठोडं कोणत्या हातात.

गोष्टीतला मुलगा फार वर्षांनी घरी येतो. तो हसत दारात शिरतो, एवढं रस्त्यावरून घेतलं. आतलं नंतर घ्यायचं, उघड्या अंगणात नुसती चौकट उभी करून, कारण घरात उजेड पुरत नसे.

"दारं दोन शेतस, पन पाऊल एकच दिसाले जोयजे," ते म्हणत.

"घरमा जावाले इतला येळ?" शेजारी चिडवत. "सासरी जाई ऱ्हायना का?"

आतलं घ्यायचं राहिलं आणि त्यांचे वडील गेले. अग्नी देणाऱ्याने आधी डोकं आणि मिशी काढायची, ही रीत. डोकं त्यांनी न्हाव्यापुढे मुकाट वाकवलं, ते पागोट्याखाली झाकलं जाणार होतं. मिशीला मात्र हात लावू देईनात.

"सकाय काढसू, काका. बाहीरथून मिशीवाला गया, तो आतमा बिनमिशीना कसा निंघी?"

कॅमेरा दुसऱ्या दिवशी परत जायचा होता. काकांनी आपल्या मुलाला पुढे केलं. अग्नी चुलतभावाने दिला.

"बाप गया, आनि याले मिशीनी पडेल शे," त्यांची आई बायकांत म्हणाली. "डोयामा पानी बी नई."

सकाळी ते चौकटीबाहेर उभे राहिले. हात विचारला. मी दाखवला. दांडा थांबताच ते नदीवर गेले आणि मिशी काढून आले. दुपारच्या गाडीने कॅमेरा घेऊन निघाले. आई उंबऱ्यापर्यंत आली नाही. ते परत आले नाहीत.

पुढे बाजाराच्या मैदानात सिनेमाचा तंबू लागला, त्यात ते चित्र आलं. त्यांच्या आईला मीच धरून नेलं. पडद्यावर ते हसत दाराशी आले, डावा हात चौकटीवर ठेवून आत शिरले. पाऊल एकच दिसलं. मिशी, पागोटं, सगळं जुळलं होतं. आतल्या चेहऱ्याच्या पापण्या मात्र सुजलेल्या होत्या.

आईने माझं मनगट धरलं.

"रडेल शे मन्हा पोऱ्या," ती म्हणाली. मग, "परत दखाडतीन का?"

चित्र पुढे निघून गेलं होतं.