भिकाभाऊंनी मुसळी खाली ठेवली

शांताअक्का, गुडघा वाकतो का आता? मुक्ताईनगरच्या वहिनी, चक्कर थांबली ना? आबा, खोकल्याचं औषध वेळेवर घेताय ना? मी बरी आहे, पण आज मन बरं नाही.

टीव्हीवरच्या दोन मालिकांमधले योद्धे, रणकेतू आणि काळभुजंग, समोरासमोर आले तर कोण जिंकेल, असं सकाळी इथं गल्लीच्या ग्रुपवर मीच गमतीनं विचारलं.

दुपारी मळ्यात भरीत होतं. आमचे हे आणि त्यांचे जुने दोस्त भिकाभाऊ नेहमीसारखे एकाच लाकडी बडगीत भाजलेली वांगी ठेचायला बसले. वाद तिथंही चालूच.

"रणकेतू एका घावात आडवा पाडी!" भिकाभाऊ म्हणाले.

हे हसत म्हणाले, "जाय रे! तुना रणकेतू मायना पदर धरीसन लढस!"

सगळे हसले. मीही हसले. भिकाभाऊंची माय चार महिन्यांपूर्वीच गेली. शेवटची दोन वर्षं त्यांनी तिला हातानं भरवलं होतं. आमच्या ध्यानात यायच्या आत ते मुसळी ठेवून उठले. "मनं पोट भरनं," एवढंच म्हणाले आणि न जेवता गेले.

ह्यांनीही घास घेतला नाही. "मी रणकेतूलेच बोलनू ना?" असं मला तीनदा विचारलं. फोन करा म्हटलं की फोन हातात घेतात आणि परत ठेवून देतात.

भिकाभाऊंचं भरीत डब्यात भरलंय. मी घेऊन जाऊ, की ह्यांनाच पाठवू? लवकर लिहा, डबा अजून कोमट आहे.