किनवटच्या जंगलातला शेवटचा फोटो

ती घटना इतक्या वर्षांनंतरही मनातून जात नाही, कारण तिच्यात चूक माझी होती.

किनवट तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. निवासी शाळेतले एक शिक्षक झाडाफुलांचे फोटो काढायला जंगलात गेले आणि परतले नाहीत. बेपत्ता असल्याची तक्रार दाखल झाली. मोटारसायकल पायवाटेच्या तोंडाशी सापडली. माणूस मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानदाराचा फोन आला. एक जण फुटका फोन घेऊन आला होता आणि त्याचं कव्हर दुकानदारानंच त्या बेपत्ता सरांना विकलेलं होतं. आम्ही त्या माणसाला ठाण्यात आणलं. मोहाची फुलं वेचणारा, पन्नाशीचा.

"वाटंवर सापडला, साहेब. दुरुस्त करून ज्याचा त्याला द्यावा म्हणलं. खोटं बोलून न्हाई राहिलो."

त्यानं जागा दाखवली. आजूबाजूचं रान पालथं घातलं, काही मिळालं नाही. माझा संशय पक्का झाला. तीन तास मी त्याला तेच ते विचारत राहिलो. तोही तेच सांगत राहिला.

फोन चालू होता, पण स्क्रीन काळी. नांदेडला तपासणीसाठी पाठवायचा तर दिवस गेला असता. सरांच्या पत्नी म्हणाल्या, "हे घरी येऊन फोन चार्जिंगला लावतात, की फोटो आपोआप कॉम्प्युटरवर येतात."

आमची उदगीरची एक महिला शिपाई संगणकात हुशार होती. तिला घेऊन सरांच्या घरी गेलो. फोन चार्जिंगला लावला, काहीच येईना. तिनं चौकशी केली, तेव्हा कळलं की आठवड्यापूर्वी वायफायचा डबा बदललाय. सरांनी फोन अजून त्याला जोडला नव्हता; फोनला जुन्याच वायफायचं नाव ठाऊक. जुना डबा माळ्यावर होता. त्याच्या तळाला छापलेलं नाव आणि पासवर्ड तिनं नव्या डब्याला दिला. फोन जोडला गेला, तरी फोटो नाहीत.

"सर, कॉम्प्युटर या वायफायला परकं समजतोय. म्हणून फोनला आत घेत नाही." तिनं सेटिंग बदललं.

पहिला फोटो उमटला. मग एकामागून एक. शेवटच्या फोटोत कपारीतलं पांढरं फूल आणि मागे आडवा पडलेला उंबर. आमच्यापैकी कुणालाच जागा ओळखू येईना. अखेर ज्याला मी संशयित म्हणून जीपमध्ये बसवून ठेवलं होतं, त्यालाच आत बोलावलं.

"हे नाल्याच्या पल्याड हाय. वाट लई अवघड. चला, दाखवतो."

तासाभरानं आम्ही तिथं पोहोचलो. सर खालच्या घळीत पडलेले, पाय मोडलेला, ओठ सुकलेले, पण जिवंत. परतताना फोन पडल्याचं लक्षात आलं, पण तोवर तो वाटेवरून उचलला गेला होता; म्हणून तो शोधत ते पुन्हा शेवटच्या फोटोच्या जागी गेले होते आणि तिथंच घसरले.

त्या शिपाई मुलीनं प्रत्येक वेळी आधी पाहिलं, की आपल्या बाजूनं काय अडतंय. मी तोवर समोरच्या माणसातच खोट शोधत बसलो होतो, आणि त्या तीन तासांत घळीतल्या माणसाचा जीव जाऊ शकला असता.

ठाण्यात परतल्यावर सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर मी त्या माणसाची माफी मागितली. त्यानं सर बरे होतील ना, एवढंच विचारलं.