काठावरच्या फुल्या

आता माझी ही फजिती मीच सांगून टाकतो. नाहीतर आमची आई सांगेल, आणि ती तिखटमीठ लावून सांगेल.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल. भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात धातू तपासायची लॅब होती, तिथे मी नवानवा लागलो होतो. काम काय? भट्टीत तापवून पाण्यात विझवलेल्या स्टीलचा तुकडा घासून आरशासारखा करायचा, त्याला ॲसिड लावायचं आणि मायक्रोस्कोपखाली फोटो काढायचे. फोटोत काळे-पांढरे पट्टे दिसतात. दोन्ही साधारण निम्मेनिम्मे हवेत. भट्टी जास्त तापली की काळं वाढतं.

आणि हे मोजायचं कसं? हसू नका. फोटोवर पंचवीस फुल्यांचा पारदर्शक कागद ठेवायचा आणि किती फुल्या काळ्यावर पडल्या ते बघायचं. फुली बरोबर काठावर पडली तर अर्धी धरायची. झालं. यासाठी मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं!

त्या शनिवारी तीस फोटो हातात आले आणि रिपोर्ट सोमवारी सकाळी हवा होता. रविवारी मॅच. मी फोटो घेऊन मीरा रोडला घरी आलो. पंधरा आईपुढे ठेवले, मोठ्या ऐटीत तिला नियम समजावला, आणि उरलेले पंधरा घेऊन टीव्हीसमोर बसलो. आई चष्मा लावून, डाळ निवडायला बसावं तशी खिडकीपाशी बसली.

सरासरी आली साडेछप्पन्न टक्के काळं. गिऱ्हाइकाने ठरवलेली मर्यादा पंचावन्न. माल नापास! मी झोकात सही ठोकली.

मंगळवारी सावंतकाका लॅबमध्ये हजर. हा माल शेजारच्या कारखान्याचा, तिथे ते भट्टी सांभाळायचे. वीस वर्षांत त्यांचा एकही लॉट परत आला नव्हता. आणि आता कारखान्याच्या शेठनी सांगितलं होतं, उद्यापासून भट्टीवर दुसरा माणूस, तुम्ही पॅकिंगला बसा. काका चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते स्टुलावर टेकले.

"भाऊ, भट्टी मी जास्त तापवली नाय. माझ्यासमोर एकदा मोजून दाखव."

चूक कुठे झाली असणार हे मला लगेच कळलं. आमची आई! दोन पोळ्या मागितल्या तर चार वाढणारी बाई. काठावरची फुली दिसल्यावर ती अर्धी कशाला देतेय? पूर्णच दिली असणार. सांगायला लाज वाटते, पण मी सरळ तिचं नाव पुढे केलं.

"काका, अर्धे फोटो आईने मोजलेत."

काका म्हणाले, "आईचेच काढ आधी."

काढले. प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलने आकडा, काठावरच्या फुल्या वेगळ्या लिहून अर्ध्या धरलेल्या. आम्ही दोघांनी पुन्हा मोजलं. एकही चूक नाही. सरासरी एक्कावन्न.

"आता तुझे," काका म्हणाले.

आता माझे. काय सांगू? मॅचच्या नादात काठावरची एकूण एक फुली मी काळ्यात ढकलली होती. अर्ध्याचे हिशेब करत कोण बसतंय? म्हणून माझे बासष्ट. नीट मोजल्यावर तेही एक्कावन्नच निघाले.

मी स्वतः शेठकडे जाऊन चूक कबूल केली. शेठ पाच मिनिटं गुजरातीत बोलले. मला गुजराती येत नाही, तरी सगळं समजलं. काका भट्टीवर परत गेले.

पुढच्या महिन्यात त्यांचा नवा तुकडा तपासायला आला. पाकिटाला चिठ्ठी टाचलेली, अक्षर काकांचं: "फोटो आईकडे द्यावेत."

मी निमूटपणे घरी नेले. आईने तीसच्या तीस स्वतः मोजले. मला तिने पेन्सिलीला टोक काढायला बसवलं, आणि ते कसं काढायचं हेही आधी दोनदा समजावून सांगितलं.